स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन सेडानला: मआमीरला गाडी नेण्याआधी

बहरीनमध्ये नोकरीला असलेल्या मराठी माणसाच्या दारात बरीच वर्षं वापरलेली दमदार सेडान सहज येऊन उभी राहते. इन्फिनिटी जी, डॉज चार्जर, अशा मागची चाकं ओढणाऱ्या, सहा किंवा आठ सिलिंडरच्या गाड्या. इंजिन अजून ठणठणीत असतं, पण वळणावर गाडी कलते, स्पीड ब्रेकरवरून उतरली की दोन-तीनदा डोलते. मग कुणीतरी सुचवतं, याच कंपनीच्या स्पोर्ट्स कारचं मूळ सस्पेन्शन स्क्रॅपमध्ये स्वस्तात मिळतं, मआमीरला नेऊन बसवून टाक, गाडी रुळावरून धावल्यासारखी धावेल.

सल्ला निराधार नाही. मआमीर हे बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सित्र्याच्या शेजारचं जुनं गाव. बापको या तेल कंपनीची १९३६ साली सुरू झालेली रिफायनरी जवळच आहे आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात गॅरेजांची रांग आहे. सबफ्रेम उतरवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळी कामं इथे होतात. कारागीर बहुतेक भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी, त्यामुळे हिंदीत बोलून निभावतं. पण ‘बसतं’ आणि ‘जमतं’ यांत फरक आहे. एखादा भाग बोल्टाला बोल्ट मिळून बसला, म्हणजे तो तुमच्या गाडीच्या वजनाला आणि तुमच्या वापराला जमला, असं होत नाही. हा फरक पैसे मोजण्याआधी कसा ओळखायचा, ते पाहू.

आधी गाडीचं गोत्र पाहा

अदलाबदल शक्य होते ती दोन्ही गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या असतील तरच. निसानचं उदाहरण यासाठी सगळ्यात सोयीचं आहे. २००२ साली आलेली ३५०झेड (कंपनीचा अंतर्गत संकेत झेड३३) आणि त्याच सुमाराची, निसानच्याच इन्फिनिटी ब्रँडची जी३५ सेडान (व्ही३५) या दोघी ‘एफएम’ नावाच्या एकाच सांगाड्यावरच्या. बाजारातले अनेक शॉकअप-स्प्रिंगचे संच या दोन्ही गाड्यांसाठी एकाच क्रमांकाने विकले जातात. त्यानंतरची ३७०झेड (झेड३४) आणि जी३७ सेडान (व्ही३६) ही पुढची जोडी.

इथे नावाचा एक सापळा आहे. २००६ पर्यंतच्या मॉडेलची जी३५ सेडान व्ही३५ आहे, तर २००७ आणि २००८ मॉडेलची जी३५ सेडान व्ही३६. म्हणजे मागच्या झाकणावर ‘जी३५’ हीच अक्षरं असली तरी खालचे भाग वेगळ्या पिढीचे. त्यात भर म्हणजे दोन दारांची जी३५ कूपे २००७ मॉडेलपर्यंत जुन्याच सांगाड्यावर राहिली. तेव्हा २००७ ची कूपे आणि २००७ ची सेडान शेजारी उभ्या असल्या, तरी एकीचे भाग दुसरीला चालतील असं समजू नका. शिवाय नावापुढे ‘एक्स’ असलेली, चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलमुळे शॉकअपचा खालचा भाग वेगळा असतो. काही व्ही३६ गाड्यांत मागची चाकंही किंचित वळवणारी यंत्रणा असते. तिथे मागचे आर्म अदलाबदलीच्या भानगडीत आणूच नयेत.

डॉजवाल्यांसाठी चार्जर सेडान आणि चॅलेंजर कूपे ही तशीच जोडी. दोन्हींच्या मागे पाच लिंकांची स्वतंत्र मांडणी आहे. पण चॅलेंजरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २,९५० मिलिमीटर आणि चार्जरचं सुमारे ३,०५०. निसानमध्ये हा फरक आणखी मोठा आहे: ३५०झेड २,६५० मिलिमीटर, जी३५ सेडान २,८५०. म्हणजे सांगाडा एक असला तरी मोजमाप एक नाही.

व्यवहारात करायचं एवढंच, की नाव आणि साल यांवर विसंबू नका. आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक आणि ज्या गाडीचे भाग घेणार तिचा चॅसिस क्रमांक, दोन्ही सुट्या भागांच्या दुकानात देऊन प्रत्येक भागाचा क्रमांक काढून घ्या. दोन्हीकडे क्रमांक सारखाच आला तर तो भाग बदलून काहीच साधणार नाही, कारण तुमच्या गाडीत तोच आहे. क्रमांक वेगळा आला तर वेगळेपणा कशात आहे ते विचारा. खरं काम त्या यादीतच होतं.

वजनाचा हिशेब

३५०झेड दोन माणसांची गाडी आहे. सेडानमध्ये मागे तिघं बसतात, डिकीत चार बॅगा जातात, आणि किंग फहद कॉजवेवरून दम्मामला निघालेलं कुटुंब गाडीवर सहज तीनशे किलोंची भर घालतं. त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. स्पोर्ट्स कारची मागची स्प्रिंग हा भार गृहीत धरून बनवलेली नसते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा फ्रेम छान बसली म्हणून लावू नये, तसंच हे.

स्प्रिंगचा कडकपणा ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात यावर मोजतात. पण चाकाला जाणवतो तो हा आकडा नाही. एफएम सांगाड्यावर मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, खालच्या आर्मवर मधेच बसलेली असते. चाक जितकं वर येतं तितकी स्प्रिंग दबत नाही. स्प्रिंग किती दबते आणि चाक किती हलतं यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून त्याने स्प्रिंगचा आकडा गुणायचा, की चाकापाशी मिळणारा कडकपणा निघतो.

हिशेबापुरते आकडे घेऊ. स्प्रिंग मिलिमीटरला ६ किलोंची आणि गुणोत्तर ०.७. वर्ग ०.४९, म्हणून चाकापाशी कडकपणा साधारण २.९४. त्या चाकावर ६० किलो वाढले तर गाडी सुमारे २० मिलिमीटर बसेल. तीच स्प्रिंग ०.६ गुणोत्तराच्या आर्मवर ठेवली तर चाकापाशी उरतात फक्त २.१६, आणि तेवढ्याच वजनाला गाडी जवळजवळ २८ मिलिमीटर बसते. स्प्रिंग तीच, माणसं तीच, तरी सात-आठ मिलिमीटरचा फरक. म्हणून ‘झेडची स्प्रिंग कडक असते’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या आर्मवर आणि किती वजनाखाली, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

शॉकअपचंही असंच. स्प्रिंग दबली की ती उसळी घेणार. ती उसळी किती आवरायची हे शॉकअपमधल्या तेलाच्या वाटा ठरवतात, आणि त्या एका ठरावीक स्प्रिंगसाठी घडवलेल्या असतात. कडक स्प्रिंगखाली मऊ शॉकअप दिला तर गाडी उसळत राहते. मऊ स्प्रिंगवर फार आवळणारा शॉकअप दिला तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंगला पुरती मोकळी व्हायला वेळच मिळत नाही. गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर, म्हणजे धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच घ्यावेत, आणि तेही पुढचे-मागचे चारही एकाच गाडीचे. पुढे झेडचे आणि मागे सेडानचे अशी भेसळ केली, तर गाडीचा पुढच्या-मागच्या चाकांतला समतोल बिघडतो आणि ओल्या रस्त्यावर शेपूट कधी सुटेल याचा नेम राहत नाही. बहरीनमध्ये पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो. त्या दिवशी रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा चिखल होतो, आणि परीक्षा नेमकी तेव्हाच होते.

काय घ्यावं, काय सोडावं

स्पोर्ट्स कारच्या सगळ्या संचातून सेडानला सगळ्यात स्वस्तात फायदा देणारा भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडीचं कलणं तो आवरतो, आणि सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर त्याचा फारसा त्रास होत नाही. मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांना तो जाणवत नाही, चालवणाऱ्याला जाणवतो. क्रमांक जुळत असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही घ्या. सोबत रबरी बुश आणि लिंक रॉड मात्र नवे.

शॉकअप आणि स्प्रिंग घ्यायचे असतील तर स्पोर्ट्स कारकडे वळण्याआधी आपल्याच सेडानची कंपनीने काढलेली स्पोर्ट आवृत्ती शोधा. जी३७ सेडान स्पोर्ट सस्पेन्शनसह मिळत होती, चार्जरची एसआरटी होती. हे भाग चार दारांचं वजन आणि मागची माणसं गृहीत धरूनच बनलेले असतात. ज्यासाठी तुम्ही झेडच्या किंवा चॅलेंजरच्या मागे लागला आहात, ते बहुतेक वेळा इथे कमी खटाटोपात मिळतं.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप मात्र सोडा. चॅलेंजर एसआरटीच्या २०१५ नंतरच्या गाड्यांत चालकाच्या पसंतीप्रमाणे तीन पातळ्यांवर कडकपणा बदलणारे शॉकअप आहेत. त्यांना वेगळं नियंत्रण यंत्र, तारा आणि सेन्सर लागतात. नुसते शॉकअप साध्या चार्जरला लावले तर ते बदलणारच नाहीत, आणि महागड्या वस्तूचे पैसे देऊन तुम्हाला तिची एकच, तीही न निवडलेली बाजू मिळेल.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याची सूचना कुणी केली तर त्या गॅरेजातून निघून या. वेटोळं कापलं की स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, टोक बैठकीत नीट बसत नाही आणि मोकळ्या अवस्थेत ती जागेवरून सरकू शकते.

स्क्रॅपमधला माल पारखताना

बहरीनमध्ये सुट्या भागांचे दोन शत्रू आहेत, खारी दमट हवा आणि उष्णता. पहिला स्प्रिंग खातो, दुसरा रबर.

स्प्रिंग हातात घेऊन खालचं शेवटचं वेटोळं पाहा. वाळू आणि मीठ तिथेच साचतं. रंगाखाली फुगवटा दिसला, नखाने पापुद्रा निघाला, तर स्प्रिंग कितीही कमी वापरलेली असो, घेऊ नका. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात. डाव्या-उजव्या स्प्रिंगवरच्या खुणा तुमच्या भागक्रमांकाच्या यादीशी ताडून बघा.

शॉकअपच्या अंगावर तेलाचा पातळ ओलावा असणं आणि तेल ओघळून धुळीचा गोळा झालेला असणं यांत फरक आहे. पहिलं खपवून घेता येतं, दुसरं नाही. दांड्यावर बोट फिरवा. खड्डे, गंजाचे टोचे लागले तर ते सील फाडणारच. जमिनीवर उभा धरून दांडा सावकाश पूर्ण दाबा आणि सोडा. गॅसचा असेल तर तो आपणहून वर येईल. डावा आणि उजवा सारख्याच वेगाने यायला हवेत. मधे कुठेतरी एकदम सैल लागला, तर आत झडप गेली आहे.

आर्म घेणार असाल तर डावा-उजवा एकमेकांवर ठेवून वाक तपासा. बॉल जॉइंटचं रबरी झाकण फाटलेलं असेल तर आत वाळू गेलीच समजा. ज्या गाडीचे भाग आहेत ती समोर उभी असेल तर तिचा अपघात कुठल्या बाजूने झाला आहे ते बघा. पुढच्या डाव्या चाकावर मार बसलेल्या गाडीचा पुढचा डावा आर्म फुकट मिळाला तरी नको.

आणि बुश? जुने बुश विकत घेऊच नयेत. रबर उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत कडक होऊन तडकतं, ते गाडी चालो वा उभी राहो. व्ही३५ आणि ३५०झेडमध्ये पुढच्या कम्प्रेशन रॉडचा बुश तर प्रसिद्धच आहे. तो द्रव भरलेला असतो. फाटला की काळपट द्रव गळतो आणि ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं. पुष्कळदा लोक याला ब्रेक डिस्कचा दोष समजून डिस्क बदलतात आणि थरथर तशीच राहते. जॅकवर गाडी घेऊन टॉर्च लावून हा बुश आधी बघा. तुमच्या सेडानचं थरथरणं आणि भरकटणं निम्मं तिथूनच येत असेल, तर स्पोर्ट्स कारच्या शॉकअपने ते जाणार नाही.

गॅरेजमध्ये काम कसं करून घ्यावं

काम सुरू होण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करा, टाकी किती भरलेली आहे ते लिहून ठेवा, आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. काम संपल्यावर हेच चार आकडे पुन्हा घ्यायचे आहेत. डाव्या-उजव्यात मोठा फरक पडला तर काहीतरी चुकीचं बसलं आहे.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करण्यावर बहरीनमध्ये बंदी असते, आणि त्याच उकाड्यामुळे पत्र्याखालच्या गॅरेजमध्येही कारागीर सकाळ-संध्याकाळच चांगलं काम करतो. सकाळची वेळ घ्या आणि आदल्या दिवशीच गंजलेल्या बोल्टांवर गंजनाशक तेल मारून ठेवायला सांगा. मीठ लागलेले बोल्ट बुशच्या पोलादी नळीत असे धरतात की ते कापावेच लागतात. म्हणून खालच्या आर्मचे बोल्ट आणि एकदाच वापरायचे नट नवे आणून ठेवा.

स्प्रिंग शॉकअपसोबतच असलेल्या पुढच्या बाजूला, ती उतरवताना स्प्रिंग दाबणारं साधन चांगल्या अवस्थेत आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. घाई करणाऱ्या कारागिराला घाई करू देऊ नका. वरचा टॉप माउंट आणि बम्प स्टॉप जुने परत लावत असतील तर ते हातात घेऊन तपासा.

आता सगळ्यात दुर्लक्षित बाब. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकत असताना नाही. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर बुश त्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी काही मिलिमीटर उंच राहते, सस्पेन्शन ताठ वाटतं आणि नवा बुश महिन्यांत फाटतो. खड्ड्यातून किंवा चार खांबांच्या लिफ्टवर गाडी घेऊन टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळायला सांगा. हे काम अर्ध्या तासाचं, पण अनेक गॅरेजांत ते होत नाही. कारागिराला सकाळीच सांगितलं तर तो वाईट मानत नाही. संध्याकाळी गाडी खाली आल्यावर सांगितलं तर मानतो.

गाडी खाली आल्यावर स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होस ताणला जातो का, एबीएसची तार टायरला घासते का, ते बघा. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही बदलतो. तो पुन्हा लावून घेतला नाही तर समोरच्याचे डोळे दिपतील.

अलाइनमेंट आणि टायर

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. व्ही३५ आणि ३५०झेडमध्ये मूळ भागांवर पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची सोय नाही, फक्त टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) बदलता येतो. मागे कॅम्बर आणि टो दोन्ही उत्केंद्री बोल्टांनी बदलतात. म्हणजे गाडी फार खाली बसली तर पुढचे टायर आतल्या कडेने झिजणार आणि त्यावर मूळ भागांत इलाज नाही. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापील घ्या, आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बैठकीत बसली की पुन्हा एकदा करा.

टायरवर चार आकड्यांची तारीख असते. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आखाती उन्हात वर्षानुवर्षं तापलेला टायर कडक झालेला असतो. अशा टायरवर उत्तम सस्पेन्शनही वाया जातं.

कागद आणि कायदा

बहरीनमध्ये गाडीची नोंदणी चालू ठेवताना तांत्रिक तपासणीचा प्रश्न येतो, आणि गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करणं अंगाशी येऊ शकतं. काम करण्याआधी वाहतूक संचालनालयात विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर तेव्हा दिलेलं स्पष्टीकरण उपयोगाचं नसतं. भागांच्या पावत्या आणि अलाइनमेंटचे कागद गाडीतच ठेवा. गाडी विकताना पुढचा माणूस तेच मागेल.

महाराष्ट्रात राहून असाच विचार करणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा अर्थ मालकांच्या बाजूने सैल केला नाही, उलट घट्टच केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

पैसे कुठल्या क्रमाने घालावेत

खिशात ठरावीक दिनार असतील तर हा क्रम धरा. पहिलं, टायर आणि सगळे झिजलेले बुश, बॉल जॉइंट. दुसरं, आपल्याच सेडानचे नवे मूळ शॉकअप आणि अलाइनमेंट. इथे थांबून महिनाभर गाडी चालवा. बहुतेकांची तक्रार इथेच मिटते, कारण जे त्यांना ‘मऊ सेडान’ वाटत होतं ते खरं तर थकलेलं सस्पेन्शन होतं. तरीही कलणं खटकलं तर तिसरं, स्टॅबिलायझर बार. आणि चौथ्या पायरीवर स्पोर्ट आवृत्तीचे किंवा स्पोर्ट्स कारचे चारही स्प्रिंग-शॉकअप.

चौथ्या पायरीपर्यंत जायचं कोणी? ज्याची गाडी बहुतेक वेळा एकट्याने किंवा दोघांनी चालते, जो साखीरच्या बहरीन इंटरनॅशनल सर्किटवर खुल्या ट्रॅकच्या दिवशी गाडी नेतो, आणि गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर बम्पर घासला तर ज्याला वाईट वाटणार नाही, त्याने. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आणि सुट्टीत सौदीत जाणाऱ्या गाडीसाठी तिसरी पायरी पुरेशी आहे, आणि ती चढलात तर मआमीरच्या कारागिराला एका सकाळीत संपणारंच काम द्यावं लागेल.